पुढच्या दारी ताटली

रेणू, अमेय,

परवा तुमचा फोन आला तेव्हा रेणू सांगत होती, सतरा घरं बघून झाली, सतराही ठिकाणी नाही म्हणाले, आणि आताची जागा महिनाअखेर सोडायची आहे. शेवटी ती म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी बरं होतं. घरं मिळायची." मी विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. पण तुमचे आजोबा गेल्यापासून त्या वाक्याला उत्तर देऊ शकेल असं माणूस मी एकटीच उरले आहे. शिवाय त्या उत्तरात एक कबुली आहे. ती मी तुमच्या बाबालाही कधी दिलेली नाही. म्हणून लिहायला बसले.

एक बाई डोळ्यांसमोर आणा. पन्नाशीची, उंच, उन्हाने रापलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत कसून नेसलेली. कोणत्याही रिकाम्या खोलीत शिरली की ती खिडकी बघत नसे, छप्पर बघत नसे. उजवा तळवा भिंतीवर सपाट टेकवायची, जणू ताप बघते आहे. मग त्या हाताचं एक बोट जिभेच्या टोकाला लावायची.

"खारी हाय," म्हणायची आणि चालू लागायची. मालक मागून भाडं कमी करत येई, तरी मागे बघत नसे.

मला तिने पहिल्यांदा समजावलं ते असं: "खाडीची रेती घालून बांदलीय. पावसाचे चार म्हयने ही भित रडल, पोरी. तू पन रडशील तिच्यासंगं."

"गोडी हाय" हे तिचे शब्द मी फार थोड्या वेळा ऐकले. तिला सगळे मावशी म्हणत. तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. तिने जन्मभर लोकांच्या गोष्टी पोटात ठेवल्या. मी तिचं एवढं तरी ठेवावं.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरच्या बाजूला समुद्रालगत मोठं वीजकेंद्र उभं राहत होतं. तुमचे आजोबा तिथल्या एका ठेकेदाराकडे नकाशे काढायचे. साहेब लोकांसाठी वसाहत बांधली जाणार होती, पण ती तेव्हा आजोबांच्या कागदावरच होती. बोईसर म्हणजे स्टेशन, चार दुकानं आणि भातगिरण्या, आणि त्या एवढ्याशा गावात रोज नवी माणसं उतरत होती. गोठे धुऊन भाड्याने दिले जात होते. आम्हाला एका भातगिरणीच्या मागची खोली मिळाली. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, सोलापूरची. खोलीत शिरल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खिळा ठोकून दिनदर्शिका लावली.

मावशी शिरगावच्या बाजूची कोळीण. पहाटे मासळीची, तिच्या भाषेत मावऱ्याची, पाटी घेऊन पालघरला यायची, तिथली गिऱ्हाइकं उरकायची आणि गाडीने बोईसरला. गिरणीच्या सावलीत, नेमकी माझ्या दाराशी, ती पाटी उतरवायची. आम्ही मासळी न खाणारी माणसं. मी नाकाला पदर लावून म्हणाले, "मावशी, जरा पलीकडे बसाल का?"

तिने पाटी उचलून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि परत येऊन माझ्याच पायरीवर बसली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कितवा म्हयना?"

मी तोवर आजोबांनाही सांगितलं नव्हतं.

तिथून आमची ओळख झाली. तिला जागांची इतकी माहिती कशी, याचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाली, "दार बोलतं. मी हाक घालते, मावरंऽऽ. हाक घातली की बाय ताटली घेऊन दारात येते. दोन दिस ताटली नाय आली तर माणूस आजारी. आठ दिस नाय आली तर खोली रिकामी." कोणाची बदली झाली, कोणाचं भांडण होऊन मुलगा वेगळा निघाला, हे शेजाऱ्यांच्या आधी तिला कळे. अशा खोल्या तिने कितीतरी जणांना दाखवल्या. त्याबद्दल ती काही घेत नसे. "खोलीत माणूस आलं तर मावरं घेईल ना," म्हणायची. "तू नाय घेनार. तुझं खातं बुडीत."

आता संकट काय होतं ते सांगते. भाताची कापणी झाली आणि गिरणीत पोती येऊ लागली. गिरणीच्या शेठनी सांगितलं, संक्रांतीच्या आत खोली मोकळी करा, एका मुकादमाची दहा माणसं ठेवायची आहेत. मी म्हणाले, मला सातवा महिना आहे. ते म्हणाले, "म्हणूनच सांगतो, ताई. बाळंतपणं माहेरी होतात."

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. सासरी सोलापुरात दोन खोल्यांत अकरा माणसं. आजोबांनी चार दिवसांची रजा मागितली तर नोकरी जाईल अशी वेळ. माझं बाळ कुठल्या छपराखाली जन्माला येणार, हे मला माहीत नव्हतं. बाकी सगळं सोडा, तेवढं एकच लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

शेठनी वाट बघितली नाही. आमच्या खोलीच्या एका कोपऱ्यात त्यांनी पोती रचायला सुरुवात केली, "तात्पुरती" म्हणून. दर संध्याकाळी खोली एका पोत्याने लहान व्हायची. पोत्यांबरोबर उंदीर आले. पुढे मुकादमाची माणसंही खोली बघायला येऊ लागली. मी भाकरी थापत असताना दोघंजण दारात उभे राहून आत बघत होते. "बहनजी, कमरा कब खाली होगा?" एकाने विचारलं. दुसऱ्याने विचारलं, "चूल्हा यहीं रहेगा ना?" वाईट नव्हते बिचारे. स्टेशनवर झोपत होते.

मी पद्धतशीर बाई. एक वही केली. घराचा क्रमांक, मालक, नकाराचं कारण. मालक आधी विचारत, मासे-मटण खाता का? त्या परीक्षेत आम्ही पहिल्या वर्गात पास व्हायचो. मग त्यांची नजर माझ्या पोटावर जायची आणि आम्ही नापास. "बाळंतपण आमच्या घरात नको," "विटाळ होतो," "रात्री रडतं." एका मालकाने कारण दिलं, की आम्ही फक्त सडे पुरुष ठेवतो. त्याच्या शेजारच्याने दिलं, की आम्ही फक्त बिऱ्हाडकरू ठेवतो, पण पोराबाळांशिवाय. एका निवृत्त मास्तरांना मी इंग्रजीत सुंदर अर्ज लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला, अक्षराचं कौतुक केलं, मुलांना दाखवायला ठेवून घेतो म्हणाले. खोली दिली नाही. मी वहीत लिहिलं: नकार, कारण अज्ञात, अर्ज परत नाही.

मावशी बहुतेक ठिकाणी बरोबर असायची. कुंभवलीकडे एक मालक कबूल झाला. मी आनंदाने रडायचीच बाकी होते. तिने भिंतीला हात लावला, बोट जिभेला लावलं.

"खारी हाय."

"असू दे खारी," मी म्हणाले. "मी राहीन."

"तू र्‍हाशील. बाळ कसं र्‍हाईल? दमा लागल त्याला." आणि मालकाला म्हणाली, "तुमची म्हस ठेवा यात. म्हशीला पन विचारा आधी."

परतताना मी तिच्याशी बोलले नाही. ती एकदाच म्हणाली, "राग माज्यावर काड. भितीवर काडून काय नाय व्हत."

संक्रांतीला बारा दिवस उरले तेव्हा ती मला पालघरला घेऊन गेली. बाजाराच्या मागे, कौलारू घर. मालकीण एक विधवा, साठीच्या, पांढरं लुगडं, चेहऱ्यावर एक सुरकुती इकडची तिकडे न होणारी. मुलगा मुंबईला. पुढची खोली तीन वर्षं बंद. सगळे त्यांना काकू म्हणत.

मावशीने उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून ओसरीच्या भिंतीला तळवा लावला. बोट जिभेला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "गोडी हाय."

काकू म्हणाल्या, "मी भाडेकरू ठेवत नाही. आणि ही तर बाळंत होणार."

"घरात देव आहेत, सोवळं आहे," असंही म्हणाल्या. मावशीने हात जोडून पाहिले, काही उपयोग झाला नाही. मग ती "जरा पानी पिऊन येते" म्हणून घराच्या मागे गेली.

आता माझी नजर. शिस्तीच्या माणसाची नजर वाईट असते, सगळं टिपते. त्या दिवशी मावशीच्या पाटीत तळाशी पळसाच्या पानात बांधलेली एक पुडी दिसली. सुके बोंबील. बोईसरला तिच्या पाटीत अशी पुडी मी कधी पाहिली नव्हती, म्हणजे ती रोज पालघरलाच संपत असणार. पुढच्या दाराशी ती होती. मागच्या दाराहून आली तेव्हा नव्हती.

काकूंच्या घरी मासळी चालायची, पण नवरा असेपर्यंत. विधवेने ती खायची नाही असा त्यांच्यात कडक नेम होता. सगळी आळी काकूंच्या व्रतस्थपणाचे दाखले देई.

रस्त्यावर आल्यावर मी मावशीला म्हणाले, "तुम्ही नुसतं म्हणा ना त्यांना, की बाहेर बोलेन. खोली लगेच देतील."

ती थांबली. पाटी खाली ठेवली. कोळणीची भरली पाटी डोक्यावर चढवायला दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो, त्यामुळे ती वाटेत उगाच कधी उतरवत नसे.

"काय बोलन?"

"तेच. मागच्या दाराचं."

तिने डोक्यावरची चुंबळ काढून पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, "पोरी, मी मावरं इकते. माणसं नाय इकत."

समोरून एक बाई आली, तिला "हात लाव गो" म्हणाली आणि पाटी चढवून निघून गेली. मला ती हात लाव असं कधी म्हणाली नव्हती. आमच्यासारख्यांना पाटीला हात लावायला सांगून अडचणीत टाकू नये, हे तिने स्वतःच ठरवलेलं होतं.

त्यानंतर पाच दिवस ती माझ्या पायरीवर आली नाही. खोलीत अंथरूण पसरायला जागा राहिली नव्हती. आजोबा पोत्यांवर झोपत. एका सकाळी माझ्या गुंडाळून ठेवलेल्या बाळाच्या कपड्यांत उंदराने घर केलेलं दिसलं. दुपट्याचे तुकडे तुकडे. मी ते तुकडे घडी करून ठेवले, लुगडं बदललं आणि दुपारच्या गाडीने एकटी पालघरला गेले.

काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"पुन्हा आलात?"

"खोली हवी आहे."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

मी म्हणाले, "काकू, मावशी तुमच्या मागच्या दाराने कशासाठी जातात, ते मला माहीत आहे."

सुपातला हात थांबला. त्यांनी सूप बाजूला सारलं. मग विचारलं, "तिने सांगितलं?"

मुलांनो, तिथे एका शब्दाचं काम होतं. नाही. एवढंच. मी तो शब्द उच्चारला नाही. मला वाटलं, दोघींना माहीत आहे असं त्यांना वाटलं तर खोली नक्की मिळेल. मी गप्प उभी राहिले.

काकू उठल्या, आतून किल्ली आणली, माझ्या हातात न देता ओसरीवर ठेवली. "उद्या सामान आणा. आधी झाडून घ्या."

तुमचा बाबा माघात त्याच खोलीत झाला. दवाखान्यातली नर्सबाई आली होती. काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, पण बाळंतिणीचं पाणी तापवणं टाकलं नाही. पहाटे उठून बंब पेटवायच्या, बादली दाराशी ठेवून निघून जायच्या. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं आलं. सोवळ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्या पाण्याइतकी लाज मला आयुष्यात कशाने वाटलेली नाही.

आणि मागचं दार बंद झालं. आतून अडसर. मावशीची हाक रोज सकाळी आळीच्या टोकाला ऐकू यायची, घर मोजत जवळ यायची, आमच्या घराशी गप्प व्हायची, आणि पुढच्या घराशी पुन्हा सुरू व्हायची. त्या मधल्या पावलांत काय होतं ते ऐकणाऱ्या घरात आम्ही दोघीच होतो.

बाराव्या दिवशी बारसं झालं. दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हणाले, "मावशींनी काही सांगितलं नव्हतं. मी पुडी पाहिली होती."

काकू भाजी चिरत होत्या. "ते मला त्याच संध्याकाळी कळलं. तिला सांगायचं असतं तर ती बारा वर्षं थांबली नसती."

"मग दार का बंद ठेवलंत?"

"आता तुम्हाला माहीत आहे ना," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस मी विचार केला. तिसऱ्या सकाळी हाक आळीत शिरली तेव्हा मी फडताळातून पितळी ताटली काढली, बाळाला छातीशी घेतलं आणि पुढच्या दारात, रस्त्यावरून दिसेल अशी उभी राहिले.

मावशी आमच्या घराशी गप्प होऊन पुढे चालली होती.

"मावशी, सुके बोंबील द्या."

आळीतल्या तीन-चार बायका पाण्याला निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

मावशी वळली. "कोनाला?"

"मला."

"तू खातेस?"

"शिकते आहे."

ती पायरीपर्यंत आली, पाटी उतरवली. बाळाच्या गालाला बोटाची मागची बाजू लावली, कारण पुढच्या बाजूला मासळी होती. मी खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मीच जाऊन बोलले. तुमचं नाव घेतलं नाही, पण नाही असंही म्हणाले नाही."

"ठाव हाय," ती म्हणाली. पळसाच्या पानाची पुडी ताटलीत ठेवली. मग ओसरीत शिरून भिंतीला तळवा लावला, जणू पहिल्यांदाच बघते आहे. "भित गोडी हाय तुजी. बाळाला मानवली."

ती पाटीपाशी बसली, चुंबळ डोक्यावर नीट केली आणि माझ्याकडे बघितलं.

"हात लाव."

बाळाला ओसरीवर ठेवून मी दोन्ही हातांनी पाटी उचलली. माझ्या कोपरापर्यंत पाणी ओघळलं. पाटी केवढी जड असते, ते मला त्या दिवशी कळलं.

पुडी मी आमच्या आणि काकूंच्या मधल्या दाराच्या फळीवर ठेवली. तीन दिवस ती तशीच होती. आजोबा म्हणाले, "अगं, हा वास कसला?"

"बोंबलांचा."

"कुणाच्या?"

"आपल्या."

त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, ते शहाणे झाले होते.

चौथ्या दिवशी पुडी फळीवर नव्हती. पुढच्या मंगळवारी मी पुन्हा ताटली घेऊन दारात उभी राहिले, त्याच्या पुढच्याही. आळीत बोललं गेलं: सोलापूरच्या बाई बाटल्या, पोराला पाजतात आणि बोंबील खातात. एकीने काकूंना मुद्दाम येऊन सांगितलं, "तुमच्या घरात हे चालतं?" काकू म्हणाल्या, "भाडेकरू आहेत. मी काय त्यांच्या चुलीत बघू?"

या सगळ्याबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. सहाएक महिन्यांनी, पाण्याचा हंडा उतरवता उतरवता म्हणाल्या, "परवाच्यात मीठ जास्त होतं. तुमच्या मावशीला सांगा."

मी सांगितलं. मावशी पायरीवर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. "बारा वरसं तेच मीठ हाय," म्हणाली. "पुडच्या दारानं गेलं की खारट लागतं."

अडीच वर्षं आम्ही तिथे राहिलो. तेवढ्या काळात तिने आणखी किती जणांना खोल्या मिळवून दिल्या याची मोजदाद नाही. स्टेशनवर झोपणाऱ्या त्या दोघांनाही उमरोळीत एक पडवी बघून दिली, तिथली भिंतही जिभेला लावून.

मग एका मंगळवारी मी ताटली घेऊन दारात उभी राहिले आणि हाक आली नाही. बुधवारी आली नाही. ताटली नाही आली तर काय समजायचं ते तिने मला शिकवलं होतं. हाक नाही आली तर काय समजायचं, ते शिकवलं नव्हतं. मी रोज उभी राहत होते. दुसऱ्या दिवसापासून काकू माझ्या मागे ओसरीत येऊन बसू लागल्या, हातात काही काम नसताना.

आठव्या दिवशी हाक आली, पण आवाज कोवळा होता. पाटी घेऊन तिची सून आली होती.

"सासूबाय गेली," ती म्हणाली. "बोंबलाच्या वाळवनावर बसली व्हती, तितंच." पाटीच्या तळातून पळसाची पुडी काढून तिने माझ्या ताटलीत ठेवली. "ह्या घराची पुडी ठरलेली हाय म्हनाली व्हती. पुडच्या दारी."

काकू उठून आत गेल्या. मी सुनेच्या पाटीला हात लावला.

पुढे वसाहत बांधून झाली, आजोबा वीजकेंद्रातच नोकरीला लागले, आम्हाला तिथे घर मिळालं, नंतर बदल्या झाल्या. काकू आता नाहीत. ते घर पाडून तिथे इमारत झाली आहे, तिची भिंत मी बघितलेली नाही. रेणू, तू नवी जागा बघायला जाशील तेव्हा भिंतीला हात लावून बघ, लोक हसले तरी चालेल.

पितळी ताटली माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, डावीकडून दुसरी.